वाईट बातमी आधी कळावी म्हणून
पुरवठा व्यवस्थापनावरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीची इंडक्शन भट्टी एका सोमवारी बंद पडली. पाणी गळून कॉइल जळाली होती. आमच्या पंपांच्या बॉडीची कास्टिंगं तिथूनच यायची. मी तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. मला ही बातमी शुक्रवारी कळली, आणि तीही फाउंड्रीकडून नव्हे. रिकामी परत आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं गेटवर सांगितली म्हणून. स्टोअरमध्ये तोवर दीड दिवसाचा माल उरला होता. शनिवारी दुपारी असेंब्ली लाइन थांबली आणि पुढे सहा दिवस थांबूनच राहिली.

पुढच्या आठवड्यात मी शिरोलीला गेलो. फाउंड्रीच्या मालकांनी चहा मागवला आणि टेबलाच्या खणातून एक फाईल काढली. आमच्याकडे थकलेली बिलं तीत तारखेनं लावलेली होती. सगळ्यात जुनं ११८ दिवसांचं. बिलांच्या मागे एक डेबिट नोट होती. आदल्या वर्षी त्यांनी आपणहून कळवलं होतं की कोअर बॉक्स झिजलाय, पुढच्या लॉटमध्ये भिंतीची जाडी कमी-जास्त येईल, नवा करून घेऊ या. त्यावर आम्ही काय केलं होतं? अख्खा लॉट शंभर टक्के तपासणीला लावला, तपासणीचा खर्च त्यांच्या खात्यावर टाकला आणि पुढच्या महिन्याचं निम्मं शेड्यूल दुसऱ्याला दिलं. "साहेब, तेव्हा खरं सांगितलं तर ही नोट आली," ते म्हणाले. "या खेपेला म्हटलं, चार दिवसांत कॉइल बसेल, कशाला सांगायचं?"

आवाज चढवायला मी गेलो होतो. गप्प बसून परत आलो. त्या फाईलनं मला जे शिकवलं, त्यावरच हा संग्रह उभा आहे. कंपनीचं पुरवठ्याचं खातं किती मजबूत आहे, हे भाव किती पाडले यावरून कळत नाही. पुरवठादार वाईट बातमी किती लवकर सांगतो, आणि सांगितलेली बातमी आपल्या कंपनीत निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत किती लवकर पोचते, यावरून कळतं.

नवख्या वाचकासाठी आधी शब्दांचा घोळ निस्तरतो. 'खरेदी' म्हणजे मागणीचा इंडेंट आला, तीन कोटेशनं मागवली, त्यांचं कम्पॅरेटिव्ह केलं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर काढली, माल आला, माल मिळाल्याची जीआरएन झाली. हे काम आवश्यकच आहे. 'पुरवठा व्यवस्थापन' मात्र इंडेंट निघण्याच्या खूप आधी सुरू होतं. कोणती वस्तू स्वतः बनवायची आणि कोणती बाहेरून घ्यायची, कोणाकडून घ्यायची, त्या माणसाची क्षमता वाढवायला आपण काय करायचं, तो कच्चा माल कुठून आणतो, आणि उद्या तो बुडाला तर आपलं काय, हे सगळं त्यात येतं. 'पुरवठा' हा शब्द मला अधिक आवडतो तो यासाठी की त्याच्या पोटात 'पुरणं' आहे. 'खरेदी'त फक्त देवाणघेवाण आहे.

हे खातं इतकं महत्त्वाचं का, याचा एक सोपा हिशेब आहे. एखाद्या कंपनीची वर्षाची विक्री १०० कोटी धरा. त्यातले ६० कोटी बाहेरच्या मालावर आणि जॉबवर्कवर जातात, इतर खर्च वजा जाता ८ कोटी नफा उरतो. खरेदीत ५ टक्के वाचले तर ३ कोटी वाचतात आणि नफा ११ कोटींवर जातो. तेच ३ कोटी विक्रीतून काढायचे आणि नफ्याचं प्रमाण तेच राहिलं, तर विक्री ३७ कोटींहून जास्त वाढवावी लागेल. हा हिशेब प्रत्येक मालकाला पटतो, आणि तिथेच गल्लत होते. पाच टक्के म्हटलं की पुरवठादाराला फोन करून 'भाव कमी करा' म्हणणं, एवढीच वाट डोळ्यांसमोर येते. खरे पैसे बहुतेक वेळा दुसरीकडेच दडलेले असतात: रिजेक्शनमध्ये, अर्ध्या भरलेल्या ट्रकमध्ये, स्टोअरच्या मागच्या रॅकवर धूळ खात पडलेल्या मालात, आणि सर्वांत जास्त ड्रॉइंगमध्ये.

ड्रॉइंगचं एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक बुश होता. त्याच्या बाहेरच्या व्यासाला ड्रॉइंगवर ग्राइंडिंग मागितलं होतं. तो बुश जाऊन बसायचा रबरात. टर्निंगवर सहज भागलं असतं. मूळ ड्रॉइंग दुसऱ्या कुठल्या तरी भागावरून उतरवलेलं होतं आणि ग्राइंडिंगची खूण तशीच राहून गेली होती. अकरा वर्षं आम्ही त्या खुणेचे पैसे मोजले. त्या अकरा वर्षांत दर मार्चला त्या पुरवठादाराशी दोन-तीन टक्क्यांसाठी घासाघीस केली. अखेर विचारलं ते त्याच्याच मशीनवरच्या एका कामगारानं: "याला ग्राइंडिंग कशाला?"

या प्रश्नाचंच एक शास्त्र झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत धातू आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकमध्ये खरेदीचं काम पाहणारा लॉरेन्स माइल्स हा इंजिनिअर पर्याय शोधू लागला. वस्तू मिळत नसेल तर ती करत असलेलं काम दुसऱ्या कशानं होईल, असा त्याचा प्रश्न असे. कित्येकदा पर्याय स्वस्तही निघे आणि चांगलाही. त्यातून १९४७ च्या सुमारास 'व्हॅल्यू ॲनालिसिस' ही पद्धत उभी राहिली. मला या क्षेत्रातल्या सगळ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात कोणाच्या तोंडचा घास काढून घ्यावा लागत नाही.

तसा या व्यवसायाचा इतिहास त्याहून जुना. चार्ल्स बॅबेजनं १८३२ च्या आपल्या पुस्तकात माल निवडणाऱ्या, विकत घेणाऱ्या आणि पोचवणाऱ्या माणसाचा उल्लेख केला आहे. पण या कामावर स्वतंत्र पुस्तक लिहावं असं प्रथम वाटलं ते रेल्वेवाल्यांना. रूळ, स्लीपर, कोळसा, तेल यांचा पसारा एवढा की मार्शल कर्कमन या अमेरिकन रेल्वे अधिकाऱ्यानं १८८७ मध्ये रेल्वेच्या मालपुरवठ्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना निघाली; तीच आजची 'इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंट'. नावातला हा बदलच बराच इतिहास सांगून जातो.

आपल्याकडचा एक धागा या विषयाच्या पुस्तकांत कधी येत नाही, तो इथे नोंदवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कसं मिळवावं याचे नियम आहेत. आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली, त्यांना हात लावू नये; एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन, त्याचं समाधान करूनच तोडावं; बळजबरी करू नये. १७१५ च्या सुमाराचा हा मजकूर. सत्ता हातात असलेल्या खरेदीदारानं दुबळ्या पुरवठादाराशी कसं वागावं, याचं इतकं नेमकं धोरण मी आजच्या कुठल्या कंपनीच्या खरेदी-नियमावलीत पाहिलेलं नाही.

आधुनिक विचाराला वळण मिळालं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. स्वस्त कच्चा माल कायम मिळणार हा भरवसा तुटला. १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या सल्लागारानं 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि १९८३ मध्ये पीटर क्रालिच यांचा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आला. खरेदीनं आता पुरवठा व्यवस्थापन व्हायला हवं, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. क्रालिच यांनी चार घरांचा तक्ता दिला. एका बाजूला वस्तूचा नफ्यावर किती परिणाम होतो, दुसऱ्या बाजूला ती मिळण्यात धोका किती. नफ्यावर परिणाम मोठा आणि पुरवठादार भरपूर, तिथे स्पर्धा लावावी. दोन्ही बाबतींत हलकी वस्तू असेल, जसे पुठ्ठ्याचे खोके किंवा हातमोजे, तर तिच्यावर वेळ घालवू नये. दोन्ही बाबतींत भारी असेल तिथे दीर्घकाळचं नातं जोडावं. आणि चौथं घर फसवं: किंमत क्षुल्लक, पण देणारा एकच. बारा रुपयांचं रबरी सील एकाच ठिकाणाहून येत असेल, तर ते बारा रुपये लाखाच्या पंपाला गेटवर अडवून धरतात. खरेदी खातं मोठ्या रकमांकडे बघत राहतं आणि लाइन थांबते ती या सीलपायी.

क्रालिच यांचा तक्ता आजही उपयोगाचा आहे, पण तो बळाच्या भाषेत बोलतो: माझं पारडं जड की तुझं? त्याच काळात मायकल पोर्टर यांनी पुरवठादाराला नफ्यात वाटा मागणाऱ्या पाच शक्तींपैकी एक मानलं. या बलाबलाच्या विचाराचं टोक गाठलं ते १९९२ मध्ये जनरल मोटर्समध्ये. खरेदीप्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ यांनी चालू करार मोडून पुन्हा निविदा मागवल्या, भाव सरसकट खाली आणले. कंपनीचे अब्जावधी डॉलर वाचले आणि पुरवठादारांचा विश्वास इतका गेला की त्याची झळ पुढे अनेक वर्षं लागत राहिली. नवी कल्पना, नवं तंत्रज्ञान हाताशी आलं की पुरवठादार ते आधी कोणाकडे नेईल? ज्यानं त्याला पिळलं त्याच्याकडे नक्कीच नाही.

दुसरी परंपरा जपानची. १ फेब्रुवारी १९९७ ला ऐशिन सेइकी या कंपनीच्या करिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग डझनावारी कंपन्यांनी तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर ही कंपनीही होती. आधी काम सुरू झालं, भावाचं बोलणं मागाहून. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. एकाच ठिकाणाहून माल घेण्याचा धोका या घटनेत दिसतो हे खरंच, पण धावून येणारी माणसं कशी तयार होतात हेही तिथेच दिसतं. टोयोटाचे इंजिनिअर वर्षानुवर्षं पुरवठादारांच्या शॉपफ्लोअरवर उभे राहून त्यांचा खर्च कमी करायला मदत करत आले होते.

तिसरी बैठक अर्थशास्त्राची. रोनाल्ड कोज यांनी १९३७ मध्ये विचारलं, बाजारात सगळं मिळतं तर कंपन्या असतातच कशाला? हाच धागा ऑलिव्हर विल्यमसन यांनी पुढे नेला. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. विल्यमसन यांचा मुद्दा असा: पुरवठादारानं तुमच्या एकट्यासाठी डाय बनवली की तो तुमच्यात अडकतो आणि तुम्ही त्याच्यात. भोसरीतल्या प्रेसशॉपवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. 'डाय कोणाची?' हा प्रश्न करारात स्पष्ट नसला की भांडण कुठल्या तारखेला होणार एवढंच ठरायचं बाकी असतं.

हे सारे विचार भारतात आले, पण कोऱ्या पाटीवर आले नाहीत. परमिटच्या काळात पोलादाचा भाव जॉइंट प्लांट कमिटी ठरवायची, माल कोट्यानं मिळायचा. तेव्हाचा उत्तम खरेदी अधिकारी म्हणजे माल 'आणून दाखवणारा' माणूस. ओळखी, दिल्लीच्या फेऱ्या, आणि मिळेल तेव्हा भरून ठेवणं, हे त्याचं कसब. १९९२ च्या सुरुवातीला पोलादावरचं नियंत्रण उठलं, आयात खुली होत गेली, आणि त्याच माणसाला एकदम निवड करायला सांगितलं. ते शिक्षण त्याला कोणी दिलं नव्हतं. त्यानं हाती आलेलं सोपं हत्यार उचललं: तीन कोटेशनं आणि सगळ्यात कमी भाव. आपल्या खरेदी खात्यांची घासाघिशीची सवय मला त्या संक्रमणाची खूण वाटते. दुसऱ्या बाजूला चांगली उदाहरणंही इथेच घडली. मारुतीनं १९८३ पासून कारखान्याच्या आसपास पुरवठादार उभे केले, काहींमध्ये भांडवल घातलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कित्येक कामगारांनी आणि सुपरवायझरांनी स्वतःची वर्कशॉपं काढली. जुन्या साहेबानं दिलेल्या पहिल्या ऑर्डरवर त्यातली अनेक उभी राहिली.

पैशाच्या बाबतीत मात्र आपण या लहान माणसांशी फार वाईट वागलो आहोत, आणि हे मी मऊ शब्दांत सांगणार नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत फेडायला सांगितलं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. कायदा होता, पण व्याज मागणारा पुरवठादार पुढची ऑर्डर गमावणार हे दोघांनाही ठाऊक होतं. अखेर प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घालावं लागलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा करता येईल. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं आणि त्याआधीच्या मार्चमध्ये अनेक अकाउंट्स खात्यांनी पहिल्यांदाच आपल्या छोट्या पुरवठादारांची यादी काढली. जे काम खरेदीप्रमुखानं करायचं, ते करसल्लागाराच्या धाकानं झालं.

आणि आजच या विषयाची एवढी निकड का? २०२० च्या टाळेबंदीत आपल्याला कळलं की आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे आपल्याला माहीतच नाही. पाठोपाठ चिपांचा तुटवडा आला, मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन जहाज सहा दिवस अडकलं. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ मृदा धातूंपैकी सात धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि आपल्याकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारे मुठीत मावणाऱ्या एका चुंबकासाठी धावाधाव करू लागले. त्यातच युरोपनं पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे. त्यासाठी निर्यातदाराला आपल्या पुरवठादाराच्या भट्टीतून किती कार्बन बाहेर पडतो हे विचारावं लागतं. ज्याला ११८ दिवस पैसे दिले नाहीत, तो आपली वही उघडून दाखवेल?

बातमी नुसती मिळून भागत नाही. १७ मार्च २००० ला अमेरिकेत अल्बुकर्की इथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटी आग लागली. दहा मिनिटांत विझली. फिलिप्सनं नोकिया आणि एरिक्सन दोघांनाही कळवलं की आठवड्याभराचा उशीर होईल. नोकियात ती बातमी झटपट वर गेली, रोज पाठपुरावा सुरू झाला, उरलेली क्षमता त्यांनी मिळवली, पर्यायी भाग शोधले. एरिक्सनमध्ये ती खालीच राहिली. त्या वर्षी एरिक्सनला सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला आणि २००१ मध्ये तिनं मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्याला इतरही कारणं होती, पण एकच बातमी दोन कंपन्यांत दोन वेगांनी चालली, हे विसरता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पुरवठ्याच्या प्रमुखाची खुर्ची उत्पादन किंवा अकाउंट्सच्या हाताखाली असू नये. त्याला थेट कंपनीच्या प्रमुखाकडे जाता यावं, नवं ड्रॉइंग निघताना तो चर्चेत असावा, आणि त्याची वर्षअखेरची परीक्षा फक्त 'भाव किती उतरवले' या आकड्यावर होऊ नये. त्या एका आकड्यापायी आमच्या कारखान्यात स्वस्त माल आला, रिजेक्शन वाढलं आणि तो तोटा गुणवत्ता खात्याच्या नावावर पडला.

या संग्रहात आम्ही मध्यम आकाराच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे सल्लागारांच्या फौजा नसतात. खरेदी खात्यात पाच-सात माणसं असतात आणि त्यांचा दिवस फॉलो-अपच्या फोनांत जातो. त्यांना उद्या सकाळपासून काय बदलता येईल, असं आम्ही प्रत्येक लेखकाला विचारलं. लिहिणारे खरेदीतले तर आहेतच, शिवाय स्टोअरकीपर आहेत, डिझाइनवाले आहेत, कर्जखातं सांभाळलेले एक बँक अधिकारी आहेत, आणि पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पुरवठादारांनी लिहिला आहे. त्यांची बाजू मराठीत क्वचितच छापली जाते. लेखकांचं एकमेकांशी पटत नाही, विशेषतः एकच पुरवठादार असावा की दोन यावर. तो वाद आम्ही तसाच राहू दिला आहे. सरकारी निविदा मात्र बाहेर ठेवल्या. तिथे कायदा, लेखापरीक्षण आणि सर्वांत कमी बोलीचा दंडक यांचं वेगळंच जग आहे. सरकारी खरेदीसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलनं ते आणखी बदललं आहे. त्यासाठी स्वतंत्र पुस्तक हवं.

वाचकाला एक विनंती आहे. पुढचं पान उलटण्याआधी अकाउंट्समधून थकलेल्या बिलांची यादी मागवा. त्यात सगळ्यात लहान पुरवठादाराचं सगळ्यात जुनं बिल कोणतं ते पाहा. ते चुकतं करा, मग त्यांना फोन लावा आणि विचारा की आम्हाला सांगावंसं वाटूनही तुम्ही सांगितलं नाही, असं काही आहे का. ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या, आणि मग पुस्तकाकडे वळा.